आधी आरसा

९ जानेवारी

ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ड्रॉवरमध्ये टाकशील असा माझा अंदाज आहे. टाक. ड्रॉवरमध्ये का होईना, तुझ्या घरात आहे असं मी समजेन.

मधला गेला त्याला गेल्या महिन्यात तीन वर्षं झाली. आजवर मी 'गेला' असंच म्हणत आलो. आपल्या भावाने आत्महत्या केली. हा शब्द काल मला एका हॉलमध्ये अठरा माणसांसमोर मोठ्याने म्हणायला लावला, म्हणून आज तो लिहिता येतो आहे. तो गेल्यापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस. तुझं म्हणणं एवढंच होतं की 'त्याचं काहीतरी बिनसलंय, दादा, जाऊन दोन दिवस राहा' असं तू मला फोन करून सांगितलं होतंस आणि मी तासाभरात परत आलो. ते खरंच आहे. त्यावर वाद घालायला मी हे लिहीत नाही.

झालं असं की नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचं आमच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांच्या संघटनेला पत्र आलं. ज्यांच्या धंद्यात माणूस एकटा येऊन बसतो आणि बसल्या बसल्या बोलायला लागतो, अशांना आत्महत्या रोखण्याचं प्रशिक्षण द्यायचं आहे, तरी प्रत्येक संघटनेने एक माणूस पाठवावा. आमच्यात कोणालाच सवड नव्हती. माझ्याकडे सध्या शिकणारे कमी, म्हणून मला पाठवलं. चार शनिवार, दुपारी तीन-तीन तास.

ग्रंथालयाच्या वरचा हॉल आहे. खुर्च्या एकात एक अडकलेल्या, त्या सोडवण्यात पहिली दहा मिनिटं गेली. सलूनवाला, औषधाच्या दुकानातली बाई, शिंपी, व्यायामशाळेतले दोन दांडगे, असे सगळे. एक लिफ्ट दुरुस्त करणारा आहे, तो आपण चुकून आलो असं शेवटपर्यंत म्हणत होता, पण चहाला थांबला. शिकवणाऱ्या बाई पूर्वी इस्पितळात सिस्टर होत्या. ठेंगण्या आहेत, पांढरे कुरळे केस, आणि चपला काढून अनवाणी उभ्या राहून बोलतात. सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात.

पहिलंच काम त्यांनी दिलं ते शब्द उच्चारण्याचं. "तुम्हालाच म्हणता येत नसेल तर समोरच्याला काय विचारणार?" लोक काय काय म्हणाले सांगतो. बरंवाईट. टोकाचं पाऊल. तसलं काही. शिंपी म्हणाला, "ते." सिस्टर म्हणाल्या, "ते म्हणजे काय? शर्ट?" सलूनवाला तीनदा अडखळला आणि चौथ्यांदा इतक्या जोरात म्हणाला की खालून ग्रंथपाल वर आले. मी एका दमात म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, छान.

सुरुवातीला एक फॉर्म भरून घेतला. तुमच्या जवळच्या कोणी आत्महत्या केली आहे का? हो, नाही, सांगायचं नाही. तिसरं माझ्या सोयीचं होतं, तरी मी 'नाही'वर खूण केली. का ते मलाही सांगता येणार नाही.

दादा

१७ जानेवारी

ठमे,

परवा नाटक होतं. दोघादोघांच्या जोड्या लावायच्या, एकाला चिठ्ठी द्यायची, त्यात त्याची परिस्थिती लिहिलेली, आणि दुसऱ्याने त्याला विचारायचं आणि ऐकायचं. माझी जोडी सलूनवाल्याशी लागली. चाळिशीचा आहे, चेहरा हसरा, मला 'सर' म्हणतो. गावातल्या निम्म्या लोकांना लायसन्स मिळवून दिलं की सगळे सरच म्हणायला लागतात. त्याच्या चिठ्ठीत होतं, वय पन्नास, नोकरी सुटली, बायको माहेरी.

त्याने जीव ओतून सुरुवात केली. "घरी गेलं ना सर, की भिंती अंगावर येतात. वाटतं की…"

मी म्हटलं, "होतं असं, होतं. तुम्ही सकाळी फिरायला जाता का?"

सिस्टरच्या हातात घड्याळ होतं. "चार सेकंद," त्या म्हणाल्या. "पुन्हा."

पुन्हा केलं, सात सेकंद. तिसऱ्यांदा मी ओठ आवळून गप्प बसलो, तर सलूनवालाच मधे थांबला. म्हणाला, "सर, तुमचा पाय." मी खाली बघितलं. माझा उजवा पाय फरशी दाबत होता. तो काही अवघड बोलायला लागला की दाबला जायचा, तो श्वास घ्यायला थांबला की सुटायचा. सगळे येऊन पाय बघून गेले. व्यायामशाळेतला एक म्हणाला, पोटरी चांगली आहे.

माझ्या बाजूला पायाशी दुसरा ब्रेक असतो ते तुला सांगायला नको. शिकताना त्यावरून तू मला जेवढ्या शिव्या घातल्यास तेवढ्या कोणी घातल्या नसतील. "मी थांबवणारच होते, दादा!" थांबवणार होतीस की नाही, देव जाणे. आमच्या धंद्यात ते कळतच नाही, कारण त्याआधीच आम्ही गाडी थांबवलेली असते. एकतीस वर्षं हेच केलं. एकाही गाडीला खरचटलं नाही, याचा मला अभिमान होता.

सिस्टर म्हणाल्या, "इथे पाय उचलून बसायचं. समोरचा जिथे नेईल तिथे जायचं. भीती वाटेल. ती तुमची, त्याची नाही." मी वहीत लिहून घेतलं. विचारल्याने डोक्यात विचार भरत नाही, हेही लिहून घेतलं. आणि विचारायचं तर शब्द वापरून विचारायचं, गोल गोल नाही. 'तसं काही नाही ना मनात?' असं विचारायचंच नाही, कारण त्यात आपल्याला कोणतं उत्तर हवंय ते आपणच सांगून मोकळे होतो. आणि 'कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, आणखी एक माणूस बोलवायचं, डॉक्टरपर्यंत पोचवायचं. तू दातांची डॉक्टर, लोकांचं तोंड उघडं ठेवून त्यांना प्रश्न विचारायची तुला सवय. तुला हे माझ्यापेक्षा लवकर जमलं असतं.

मग फळ्यावर त्यांनी खुणा लिहिल्या. झोप उडणे. माणसं टाळणे. आवडीचं काम सोडणे. आपल्या वस्तू वाटून टाकणे. निरवानिरव. आपल्यावाचून कोणाचं अडत नाही असं बोलणे. मी वाचत गेलो आणि आपल्याशीच मोजत गेलो. रोज साडेतीनला जाग येते. संघटनेच्या सहलीला गेलो नाही. हत्यारांची पेटी गॅरेजवाल्याला देऊन टाकली. दुसरी गाडी विकली. मी हात वर करून म्हटलं, "सिस्टर, यातल्या चार तर माझ्यातच निघाल्या. आता मला कोण विचारणार?"

हॉल हसला. लिफ्टवाला मांडीवर थाप मारून हसला. सिस्टर हसल्या नाहीत. चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मघाचं थट्टेत होतं की खरं?" मी म्हटलं, वय झालं की पेट्या जड होतात. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि आपल्या नंबराचं कार्ड माझ्या वरच्या खिशात घातलं.

पेटी खरंच जड होती.

दादा

२ फेब्रुवारी

ठमे,

शनिवार संपले. प्रमाणपत्र मिळालं, त्यावर नाव चुकीचं छापलंय, दुरुस्त करून देणार आहेत. उत्तर नाही आलं तरी मी लिहितोच आहे. शिकणाऱ्याचं लक्ष आहे असं धरून बोलत राहायची मला सवय आहे.

शिकलेलं पहिल्यांदा वापरलं, ते सांगतो. माझ्याकडे एक बाई येतात, निवृत्त मुख्याध्यापिका. गाडी नेहमी नवऱ्याने चालवली, तो दीड वर्षापूर्वी वारला, गाडी दारात उभी. वय बासष्ट. गिअर बदलताना तोंडाने गिअरचा आकडा म्हणतात. माझ्याकडे आलेल्यांत त्या सगळ्यात शहाण्या विद्यार्थी आहेत आणि सगळ्यात वाईट ड्रायव्हर.

सोमवारी जुन्या गोदामांच्या रस्त्याला आम्ही होतो. पुढे ट्रक, मागे कोणी नाही. बाई दुसऱ्या गिअरवरच रेंगाळत म्हणाल्या, "खरं सांगू का सर, आता कशाचंच काही वाटत नाही. हे तरी कशाला शिकतेय, कोण जाणे."

माझा पाय ब्रेकवर होताच. तो मी उचलला. म्हणजे मांडी हातांनी धरून उचलली, असं म्हण. मग म्हटलं, "गाडी बाजूला घ्या." त्यांना वाटलं काही चुकलं. घेतली त्यांनी, चाक कडेच्या दगडाला घासलं, त्याबद्दल मी बोललो नाही. इंजिन बंद करायला लावलं. आणि काचेतून समोर बघतच विचारलं, "बाई, तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?"

ट्रक दिसेनासा झाला. बाई स्टिअरिंगवर दोन्ही हात नीट ठेवून बसल्या होत्या, मी शिकवलेत तसे.

"आता नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी यायचा. रोज यायचा. लेक, सून, शेजारी, सगळे विचारायचे, जेवलात का? जेवत होते मी. हे कोणी विचारलं नाही." मग म्हणाल्या, "विचारायला हवं होतं कोणीतरी."

मी त्यांना आता काय काय होतं ते विचारलं आणि ऐकलं. मधे बोललो नाही. त्यांच्या डॉक्टरांना हे माहीत आहे का विचारलं. नव्हतं. मग सिस्टरचं कार्ड दिलं, परत विचार आला तर कोणाला सांगाल ते विचारलं. "सुनेला," त्या म्हणाल्या, "ती खंबीर आहे." त्याच संध्याकाळी सुनेशी बोलल्या, डॉक्टरांची वेळही घेतली. मला फोन करून कळवलं, शाळेत हजेरी द्यावी तसं.

खरी गोष्ट पुढेच आहे. त्या दिवशी गाडी पुन्हा सुरू करताना त्यांनी किल्लीवरचा हात काढला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुमचं हे कोणाला विचारायचं राहून गेलं?" चाळीस वर्षं मुलांची तोंडं बघितलेली बाई. तिच्यापुढे मी काय लपवणार? मी म्हटलं, "उजवा इंडिकेटर द्या."

द्यायला हवं होतं ते उत्तर तुला देतो, पण आज नाही.

दादा

१९ फेब्रुवारी

ठमे,

हे पत्र तू उघडावंस असं मला वाटतं. आधीची तीन राहू दे.

डिसेंबरातला रविवार होता, अकरा वाजले होते. मधल्याने दार उघडलं तेव्हा त्याची दाढी केलेली होती. घर आवरलेलं. त्याच्या चष्म्याच्या दुकानातून घरी आणलेली ती भिंगांची खोकी, जी इकडेतिकडे पडलेली असायची आणि ज्यांवरून तू त्याच्याशी भांडायचीस, ती एकावर एक नीट रचून ठेवलेली. मी त्याला म्हटलं, वा, माणसात आलास. मला खरोखर बरं वाटलं होतं.

त्याने चहा केला. आम्ही समोरासमोर बसलो आणि मला काही सुचेना. माणूस समोर बसला की मला बोलता येत नाही, शेजारी बसला तर येतं, हे तुला ठाऊक आहे. म्हणून म्हटलं, चल, एक चक्कर मारू. तू चालव. मी नेहमीच्या जागी बसलो.

तो चालवायचा उत्तम. तुम्हा दोघांना मीच शिकवलं, पण शिकवल्यासारखं चालवायचा तो एकटा. पाण्याच्या टाकीपुढे तो सरळ रस्ता लागतो, तिथे पुढे एक टेम्पो रखडत होता. मधल्याने इंडिकेटर दिला आणि म्हणाला, "दादा, मला आता पुरे झालंय. रोज सकाळी उठायचं म्हणजे…"

मी म्हटलं, "आधी आरसा."

त्याने आरशात बघितलं. "बघितला," म्हणाला. गाडी बाहेर काढली, टेम्पो मागे टाकला, पुन्हा आत घेतली. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. त्यानंतर बारा मिनिटं आम्ही टायरबद्दल बोललो. कोणत्या कंपनीचे घ्यावेत, किती चालतात. दारात उतरताना म्हणाला, "आलास, बरं वाटलं." मी पेट्रोल पंपावरून तुला फोन केला आणि काय सांगितलं ते तुला पाठ असेल. "ठीक आहे तो. गाडी झकास चालवतो." त्यानंतर नऊ दिवस.

तो काही बोललाच नाही, असं मी तुला सांगितलं. पोलिसांनाही तेच सांगितलं. तू मला दोष दिलास तो कमी थांबल्याचा. थांबण्याचा प्रश्नच नव्हता, ठमे. तो बोलला होता. एका तासात बोलला होता. आणि मला ऐकू आलं नाही असंही नाही. स्वच्छ ऐकू आलं. पुढचं वाक्य काय असेल ते कळलं आणि ते ऐकायची मला भीती वाटली, म्हणून मी पाय दाबला. इतकी वर्षं मी स्वतःला सांगितलं की तो धंद्याचा हिसका होता, कोणीही तेच म्हणालं असतं. हिसका होताच. पण टेम्पो मागे टाकल्यावर रस्ता रिकामा होता. 'काय म्हणत होतास?' एवढं विचारायला मला पुरी बारा मिनिटं होती.

मला प्रशिक्षणाला पाठवलं असं मी लिहिलं, ते खोटं. मी संघटनेच्या अध्यक्षांच्या घरी जाऊन माझं नाव घालायला लावलं. त्या जागी काय म्हणायचं असतं ते मला जाणून घ्यायचं होतं. आता कळलंय. 'गाडी बाजूला घे. पुरे झालंय म्हणजे काय? आत्महत्येचा विचार करतोयस का?' मग गप्प बसायचं. लिफ्टवाल्यालाही आलं ते. सिस्टर म्हणाल्या होत्या की विचारलं असतं तरी पुढे काय झालं असतं, ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी हे कायम लक्षात ठेवावं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत. माझ्या फॉर्मवर 'नाही' होतं.

मला फार वाईट वाटतं. हे एक वाक्य तीन वर्षांत मी कोणाजवळ बोललो नाही.

आता कामाचं. आईचा चौकटीतला फोटो, मधल्याचं लायसन्स आणि त्याचं घड्याळ असं एक पार्सल वेगळं पाठवलंय. तुझ्याकडे असलेलं बरं. इथे आता ते सांभाळायला कोणी राहणार नाही. माझा शिकवण्याचा परवाना ३१ मार्चला संपतो, तो मी पुन्हा काढत नाही. उरलेल्या शिकणाऱ्यांची सोय दुसऱ्या स्कूलमध्ये लावली. घराची कागदपत्रं कपाटाच्या वरच्या कप्प्यात निळ्या फाइलमध्ये आहेत, तुला लागली तर.

उत्तराची घाई नाही.

दादा

२६ फेब्रुवारी

ठमे,

हे टपालात टाकायचं नाही. सलूनवाल्याच्या नोंदवहीतला कागद आहे, वर कोणाच्या तरी दाढीची वेळ लिहिलेली आहे, ती त्याने खोडून दिली. लिहून झालं की मी तुला फोन करणार आणि हे वाचून दाखवणार. तोंडी बोलायला गेलो तर काय होतं ते सकाळी दिसलं.

सकाळी साडेनऊला स्कूलचा फोन वाजला. तीन वर्षं आणि दोन महिन्यांनी तुझा आवाज. तू म्हणालीस, "दादा, पार्सल मिळालं." मी म्हटलं, "काच फुटली नाही ना?" आणि तू म्हणालीस, "तुझ्या मनात आत्महत्येचा विचार आहे का?"

मी म्हटलं, "हे असं विचारायला कुठे शिकलीस?"

"तूच लिहून पाठवलंयस. चारही पत्रं वाचली, आल्या दिवशी वाचली. मी विचारलेलं सांग."

मी म्हटलं, "वेडी आहेस का तू? गाडीत माणूस बसलाय, ठेवतो." आणि ठेवला. गाडीत कोणी नव्हतं. या आठवड्यात गाडीत कोणीच नाही, सगळ्यांची सोय लावून झाली आहे. तू पुन्हा फोन केलास, तीनदा वाजला, मी वाजू दिला. चौथ्यांदा वाजायची वाट बघत नव्हतो असं म्हटलं तर ते खोटं होईल. मग मी दाराला कुलूप लावून निघालो. घरी जायचं होतं. वाटेत सलून लागतं. सलूनवाल्याने काचेतून मला बघितलं आणि एका गिऱ्हाइकाची अर्धी हजामत टाकून तो रस्त्यावर आला. म्हणाला, "सर, आत या." मी म्हटलं, केस नाही कापायचे. तो म्हणाला, "मलाही कापायचे नाहीत." नंतर त्याने सांगितलं की गेले पंधरा दिवस मला विचारायचं त्याच्या मनात होतं, पण आपण शिकलोय ते सरांवरच कसं वापरायचं, म्हणून राहिलं होतं.

गिऱ्हाइकाला वाटेला लावून त्याने शटर अर्धं ओढलं आणि मला विचारलं. शब्द वापरून, न अडखळता. मग तो शेजारच्या खुर्चीवर बसला. समोर नाही, शेजारी. मी त्याला सांगितलं. पाऊण तास लागला. तो मधे एकदाही बोलला नाही.

आता तुझ्यासाठी लिहितो.

ठमे, दादा बोलतोय. कागदावरून वाचतोय. मधे थांबलो तर अक्षर लागत नाही असं समज.

तू सकाळी विचारलंस, त्याचं उत्तर हो आहे.

विचार बराच काळ आहे. मधला गेल्यापासून होता, पण येऊन जायचा. सहा-सात महिन्यांपासून जात नाही. दिवससुद्धा ठरवला होता, परवाना संपतो तो. कसं, ते मी सलूनवाल्याला सांगितलं आहे. माझ्या घराच्या आणि गाडीच्या किल्ल्या त्याने आपल्याकडे घेतल्या आहेत आणि आज मी त्याच्या घरी झोपणार आहे. त्याच्या बायकोला विचारून झालं. ती म्हणाली, सर घोरतात का तेवढं विचारा.

सिस्टर येताहेत. चार वाजता त्या मला डॉक्टरांकडे नेणार आहेत. मी येतो म्हटलंय. हातापाया पडायला लावलं नाही त्यांना. फॉर्मवर खोटी खूण केली ते मी फोनवरच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, निम्मे लोक करतात.

मला मरायचंय असं नाही वाटत, ठमे. मला हे थांबायला हवंय. ते सकाळचं साडेतीनचं उठणं आणि तो सरळ रस्ता. दोन्ही एकच वाटायला लागलं होतं. हे मी पाऊण तासापूर्वी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं आणि म्हटल्यावर ते थोडं वेगवेगळं वाटलं. थोडंच. फार बरं वाटतंय असं सांगून तुला पुन्हा फसवणार नाही.

तू ये, असं लिहिलं, खोडलं आणि परत लिहिलं. ये. दवाखाना बंद ठेवावा लागेल तर ठेव. तिथल्या दाढा दोन दिवस कुठे पळून जात नाहीत. मला कोणाला ये म्हणायची सवय नाही, तेव्हा हे जसं लिहिलंय तसंच ऐक.

आणि मधल्याच्या बाबतीत तू मला माफ केलंस की नाही, ते आज सांगू नकोस. दोन्हींपैकी कोणतंही उत्तर आज मला पेलणार नाही. समोर आलीस की सांग. कडक सांगायचं असेल तर कडक सांग.

कागद संपला. माझं वाचून झालंय. मी इथेच आहे, फोन ठेवू नकोस.